डावीकडचं पान

एप्रिल लागला की आमच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात, कूलर आणि माझी अर्धशिशी, असं मंदा म्हणते. मंदा म्हणजे माझी बायको, आणि तिचं म्हणणं खोटं नाही. सत्तावीस वर्षं मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवतो आहे आणि त्यातले कितीतरी एप्रिल मी खिडक्यांना चादरी लावलेल्या खोलीत काढले आहेत. यंदा कूलर निघाला, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या, पहिल्या पाण्याचा तो गार वास घरभर फिरला. मागोमाग शाळेत नववीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हाती आले. डोकं अजून जागेवर आहे. तरीही पहिल्या गठ्ठ्याची सुतळी सोडताना हात क्षणभर थांबलाच. चार वर्षांपूर्वीचा एप्रिल आठवला.

आमच्याकडचा एप्रिल अंगाला नंतर लागतो, आधी डोळ्यांना लागतो. सकाळी आठलाच उजेड पांढरा पडतो. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, त्यांच्याखालचं पांढरं लुगडं, पलीकडच्या घराची पत्र्याची शेड, रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा, सगळं एकदम चमकायला लागतं. कडुनिंब मोहरलेला असतो. त्याचा वास किती छान, असं लोक म्हणतात, आणि मी नाकाला रुमाल लावून शाळेच्या फाटकातून आत शिरायचो. बहावा फुलला की बायका फोटो काढतात. मला त्या पिवळ्या झुंबरांकडे मान वर करून बघायची हिंमत कधी झाली नाही.

अर्धशिशी एकदम येत नाही. आधी डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी चकाकतं, करवतीच्या दात्यांसारखं. ते हळूहळू मोठं होतं आणि मग डावीकडचं दिसेनासं होतं. माणूस समोर उभा असला तर त्याचा एकच कान दिसतो. हे चालतं अर्धा तास. त्यानंतर करवत जाते, नजर परत येते आणि उजव्या कानशिलात कोणीतरी खिळा ठोकायला बसतं. मग उलट्या, मग अंधार, मग दुसरा दिवस.

पण तो मधला अर्धा तास दुखत नाही. आणि त्या अर्ध्या तासाचं मी काय करायचो, हे सांगायला आज लाज वाटते. मी कामं उरकायचो. अर्धशिशी असलेल्या माणसांना ही खोड असते. माझी थोरली बहीण करवत दिसू लागली की भराभर पोळ्या लाटून घेते, कारण पुढचा दिवसभर तिला गॅसजवळ उभं राहवणार नसतं. मी तसाच. दुखणं दारात येऊन पोचायच्या आत जेवढं होईल तेवढं हातावेगळं करायचं. याला मी मनातल्या मनात शिस्त म्हणत होतो.

उपाय सगळे करून झाले होते. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून, फोटो काढून, डोक्यात भलतंसलतं काही नाही असं सांगितलं होतं आणि गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी खिळा बोथट व्हायचा, पण निघायचा नाही. घरचे उपाय मात्र सगळे एकाच जातीचे, जोराचे. सुंठ उगाळून कपाळाला जाड लेप. दुपट्ट्याने डोकं एवढं आवळायचं की भुवया वर चढायच्या. मंदा दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं दाबायची आणि मी ओरडायचो, "अजून, अजून जोरानं!" सलूनवाल्याने एकदा मानेचा असा कडाका काढला की आठवडाभर मी वळून बघण्यासाठी सगळाच वळत होतो. दुखण्याला त्याच्याहून मोठ्या दुखण्यानेच हाकलायचं असतं, अशी माझी समजूत होती. शिक्षकांच्या खोलीत त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. एकदा बोललो, तर एक सहकारी चहाचा कप खाली न ठेवता म्हणाला, "डोस्कं तं बायकायचं दुखते जी, सर." त्यानंतर मी फक्त 'उष्णता झाली' एवढंच सांगायचो.

मंदाची बहीण अकोल्याला असते. तिच्या घराच्या दोन घरं पलीकडे सुजाताताईंचं फिजिओथेरपीचं छोटं केंद्र आहे. मेहुणीची मान तिथे बरी झाली होती, म्हणून त्या वर्षी होळीनंतरच्या एका रविवारी मंदाने मला बळेच एसटीत बसवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत मी कुरकुरत होतो. अकोल्यात उतरलो तर ऊन अमरावतीहून चढं. केंद्र म्हणजे घराचीच पुढची खोली. ओट्यावर सुजाताताईंचे वडील पेपर वाचत बसलेले. त्यांनी "जय भीम, गुरुजी, या" म्हणून खुर्ची दिली. मी गुरुजी आहे हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. माझ्या खिशात तांबडं पेन होतं.

सुजाताताई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी तासभर नुसते प्रश्न विचारले, डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचली. मग म्हणाल्या, "सर, गोळ्या बंद नाई करायच्या. माहे हात काही औषध नोहे. मान आन् खांदे मोकळे झाले तं झटके कमी होऊ शकते, एवढंच मी सांगून राहिली." मला उताणं झोपवलं, पंखा हळू केला, खिडकीचा पडदा ओढला आणि उशाशी बसून दोन्ही हातांची बोटं माझ्या डोक्याखाली, जिथे मान कवटीला मिळते तिथे, ठेवली.

आणि काहीच केलं नाही.

मी वाट पाहतोय. आता दाबतील, मग दाबतील. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय, ओट्यावर पेपरचं पान उलटल्याचा आवाज येतोय. शेवटी मी विचारलं, "मॅडम, सुरू कवा करता?"

"पंधरा मिन्टं झाले, सर, सुरू होऊन."

मला वाटलं, फसलो. एसटीचं तिकीट काढून, उन्हातून येऊन, एका बाईंच्या हातावर डोकं ठेवून पडायचं? मी म्हणालो, "थोडा जोर लावा ना. मले चालते."

त्या हसल्या असाव्यात, मला दिसलं नाही. म्हणाल्या, "माही माय दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचे. मीबी गेली लहानपणी. बोंडातला कापूस हिसकला ना सर, तं काडीकचरा सारा संगं येते. हलकं धरलं का कापूस आपल्यानं मोकया होते. तुमची मान हिसकून हिसकून लोकायनं कडक केली. ते आता हात लागला का घाबरते. तिले आधी समजू द्या का आपुन हिसकत नाई."

मानेला काही समजतं, हे मला नवीनच होतं. थोड्या वेळाने जाणवलं की माझा जबडा मिटलेला आहे, दातांवर दात रुतलेले आहेत, आणि बहुतेक कित्येक वर्षं ते तसेच आहेत. जबडा सुटला. मग खांदे सुटले. डोकं हळूहळू त्यांच्या तळहातांत जड होत गेलं. इतकं जड डोकं आपण दिवसभर उचलून फिरतो आणि ते कोणाला सांगण्याचीही सोय नसते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. रडायला येत होतं असं नाही, नुसतं पाणी वाहत होतं, कानांत जात होतं. उठल्यावर ताईंनी रुमाल पुढे केला आणि "सावकाश उठा" एवढंच म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी मोजून पाहिलं, गणितवाल्याची सवय. मोठ्या झालेल्या पुरुषाच्या डोक्याला कोण हात लावतं? न्हावी, आणि लग्नात मुंडावळ्या बांधणारी मामी. बस. आमच्या भागात माया असते, भरपूर असते, पण ती पाठीत धपाटा घालून व्यक्त होते. बापाने पहिल्या नोकरीच्या दिवशी असा धपाटा घातला होता की चहा सांडला. त्यात त्यांचं सगळं प्रेम होतं, हे मला ठाऊक आहे. पण हलक्या हाताची सवय आमच्या हाडांना नाही, आणि बहुधा म्हणूनच तो हात लागला तेव्हा हाडं आधी बिचकली.

दर रविवारी अकोला सुरू झालं. कधी मानेखाली हात, कधी कानांमागे, कधी भुवईवर दोन बोटं, इतकी हलकी की माशी बसल्यासारखं वाटायचं. झटके थांबले नाहीत. आठवड्याला दोन यायचे, ते पंधरा दिवसांनी एक झाले. मंदाच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. ती म्हणाली, "तुमी आजकाल दार आपटून नाई राहिले." ताईंनी मला एक वही करायला लावली होती. झटका कधी आला, आधी काय खाल्लं, किती झोप झाली आणि करवत दिसली तेव्हा तुम्ही काय करत होता, हे त्यात लिहायचं. वही मी नेमाने भरत होतो. वही भरणं मला जमतं.

एप्रिलच्या मध्यात, ऊन पेटलेलं असताना, पेपर तपासता तपासता करवत दिसली. नववी 'ब'चं बीजगणित. दुपारचे अडीच. मी घड्याळ पाहिलं आणि नेहमीप्रमाणे वेग वाढवला. अर्धा तास होता. तेवढ्यात पाच पेपर झाले. मग पेन ठेवलं, गोळी घेतली आणि खोली बंद करून पडलो. दोन दिवसांनी उरलेले पेपर संपवले, बेरजा मारल्या, निकालाचा तक्ता वेळेत शाळेत दिला. माझी बेरीज चुकत नाही, अशी शाळेत ख्याती होती आणि ती मला फार आवडायची.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ताईंनी वही वाचली. "सर, इथं लिवलं हाय, 'पेपर तपासत होतो.' आन् करवत दिसल्यावर?"

"अजून लवकर तपासले."

"डावीकडचं दिसत नव्हतं तरी?"

"समोरचं दिसते ना."

त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. मी आडवा झालो आणि त्यांनी नेहमीसारखे डोक्याखाली हात ठेवले. जबडा सुटला, खांदे सुटले, विचार एकेक करून बाहेर गेले. आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत, मी न बोलावता, एक पान आलं. उत्तरपत्रिकेचं उघडं जोडपान. उजवीकडे निळ्या शाईतली गणितं आणि डावीकडे कोरा कागद. त्याच्यामागे दुसरी उत्तरपत्रिका, तीही डावीकडे कोरी. तेव्हा मला रागही आला होता. आजकालच्या पोरांना कागदाची किंमत नाही, पान सोडून पान लिहितात! पाचही जणांनी तसंच केलं होतं. फक्त त्याच पाच जणांनी.

डावीकडचं जे जातं ना, ते काळं पडत नाही. काळं पडलं असतं तर मला कळलं असतं. डोळा तिथे शेजारचाच रंग भरून टाकतो. कागद असला की कोरा कागद भरतो.

मी ताडकन उठून बसलो. ताईंचे हात तसेच हवेत राहिले. "काय झालं, सर?"

"पायल," मी म्हणालो. "पायलले मी नापास केलं."

पायल ही त्या पाचांतली एक. बाकीचे चौघे कसेही तरले असते, पण तिला मी चाळीसपैकी नऊ दिले होते आणि इतर विषयांत ती काठावरच होती. तिचे वडील ऑटो चालवतात. फेब्रुवारीच्या पालकसभेत ते उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पास झाली तं दहावी, नाई तं घरी बसन. मी काही दोनदोन वर्षं शिकवू शकत नाई, सर." पायल तेव्हा मागच्या बाकावर खाली मान घालून बसली होती. निकाल एक मेला, म्हणजे त्याच आठवड्यात होता.

सोमवारी सकाळी शाळा उघडायच्या आधी मी फाटकाशी उभा. शिपायाकडून कपाटाची किल्ली घेतली, गठ्ठा काढला. सुतळीची गाठ सुटेना, ती दातांनी सोडवली. पायलचा पेपर उघडला. डावीकडचं पान भरलेलं होतं. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, समास सोडून, बारीक स्वच्छ अक्षरात. दोन चलांतली समीकरणं मांडलेली, उत्तराखाली पट्टीने दोन रेघा मारलेल्या. आणि शेजारच्या पानावर, तांबड्या शाईत, माझ्या वळणदार अक्षरात शेरा होता: 'पाने कोरी सोडू नयेत.' पाचही पेपरांवर तोच शेरा. माझी इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. मी तिथेच, कपाटाशेजारच्या स्टुलावर बसून राहिलो.

गुपचूप दुरुस्त करता आलं असतं, हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. तक्ता अजून मुख्याध्यापक बाईंच्या टेबलावरच होता. पण एखादाच आकडा खोडला तर कारण द्यावं लागतं, आणि खरं सांगायचं तर आदल्या दिवशी त्या हातांवर डोकं ठेवल्यापासून माझ्यात आवळून धरायची ताकद राहिली नव्हती. मी बाईंसमोर जाऊन सगळं सांगितलं, करवतीपासून शेऱ्यापर्यंत. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी शाळेत 'अर्धशिशी' हा शब्द उच्चारला.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सर, तुमाले असं होते आन् तुमी आमाले सांगतलं काहून नाई?"

मी ते पाच पेपर त्यांच्यापुढे ठेवले.

"पाच पेपर तुमी म्हनता. मी सारे म्हनते. दोन दिवसांत सारे गठ्ठे पुन्हा पाहा, आन् शेजारी दुसरे एक सर बसतीन. आन् पुढच्या साली पेपर घरी न्यायचे नाई, शायेतच, सकाळच्या थंड्यात तपासायचे. जमन?" मी मान हलवली. तिथे ओरडा मिळाला असता तर सोपं गेलं असतं.

सारे गठ्ठे पुन्हा पाहिले. चूक त्या पाचांतच निघाली. पायलचे नऊचे तेवीस झाले. शेजारी बसलेले सर, तेच ते डोस्कं बायकांचं दुखतं म्हणणारे, दुसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "माह्या बापाचंबी दुखे. आमी कदी विचारलंच नाई त्याले."

त्यानंतर मी पुष्कळदा विचार केला, अकोल्याच्या त्या खोलीत नेमकं झालं काय? औषध नाही, मंत्र नाही. एका बाईंनी माझं डोकं धरलं आणि काही मागितलं नाही, एवढंच. पण माझ्याच डोळ्यांनी लपवलेलं मला त्यांच्याच हातांवर दिसलं. सुजाताताईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, मी काईच नाई केलं," आणि हे त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. काहीच न करण्याची ती कला शिकायला त्यांना किती वर्षं लागली असतील, कोण जाणे. मी महिन्यातून एकदा अजूनही जातो. करवत अजूनही कधीमधी दिसते. आता मी पेनाला टोपण लावतो, शेजारच्यांना सांगतो, "सुरू झालं," आणि डोळे मिटून बसतो. तो अर्धा तास मी कोणत्याही कामाला देत नाही. घरी असलो तर मंदा शेजारी येऊन बसते आणि मानेखाली हात ठेवते, दाबत नाही. ताईंनी तिला तेवढं शिकवलं आहे. अशा वेळी मला जी कृतज्ञता वाटते ती फार मोठी असते आणि बोलून दाखवायला गेलं की ती म्हणते, "चूप पडा."

पण सगळ्यात मोठं देणं मला त्या वर्षीच्या एक मेला कळलं.

झेंडावंदन झालं, वर्गावर्गांत निकाल वाटले गेले. पायल पास होती. आधीच्या नऊ गुणांचं तिला किंवा तिच्या घरी काही कळायचं कारण नव्हतं. पण मला राहवलं नाही. वर्ग रिकामा झाल्यावर मी तिला थांबवलं आणि सांगितलं, "पायल, तुझा पेपर मी आधी चुकीचा तपासला होता. मला त्या वेळी डाव्या बाजूचं दिसत नव्हतं. डोक्याच्या दुखण्याने तसं होतं. चूक माझी होती, तुझं पान पूर्ण बरोबर होतं."

मला वाटलं, ती घाबरेल किंवा रडेल. ती निकालपत्र छातीशी धरून म्हणाली, "सर, आमाले माहीत हाय ना तुमचं डोस्कं."

"कसं काय?"

"तुमी भिंतीले टेकून डोये मिटता ना, तवा. मंग आमी बोलत नाई. उजेडाच्या बाजूची खिडकी लावून घेतो. फया ओल्या कपड्यानं पुसतो, डस्टर आपटत नाई, खडूची धूळ उडते म्हून. सातवीपासून करून राहिलो, सर. साऱ्या वर्गानं ठरवलंय."

नववी 'ब' हा शाळेतला सर्वात शांत वर्ग होता. शिक्षकांच्या खोलीत तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू येते, याला म्हणतात धाक.

मी तिला "थँक्यू, बाळा," एवढंच म्हणालो, आणि मग म्हणालो, "वर्गातल्या सगळ्यांना सांग." ती लाजली, "हो जी सर," म्हणाली आणि फाटकाबाहेर बापाचा ऑटो उभा होता तिकडे निकालपत्र हलवत पळत सुटली.